तोफेचे बेअरिंग आणि आज्ञावलीची वंशावळ

केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जुलै २०२५मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि यंत्रसामग्री, कूटलेखन व कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने हीसुद्धा तिच्या कक्षेत आली. कोणत्या प्रणालीत कोणता घटक आहे, त्याची आवृत्ती कोणती, तो कोणाकडून आला, त्याचा परवाना कोणता, तो स्वतः आणखी कशावर अवलंबून आहे, या सर्वांची यंत्राला वाचता येईल अशी यादी ठेवावी, असा तिचा आशय. विज्ञानविषयक वाचन करणाऱ्यांनी ही बातमी सुरक्षाखात्याची म्हणून ओलांडली असेल, तर ते स्वाभाविक आहे. पण मला ती आधी विज्ञानाची बातमी वाटते आणि नंतर सुरक्षेची. शिवाय तिच्यात एक मोठी उणीव राहून जाण्याचा संभव आहे. यादी मागितली गेली आहे, पण ती जिथे जन्मते त्या जागेकडे, म्हणजे बांधणीच्या फाइलीकडे, आपल्या संशोधनसंस्थांचे लक्ष अजून वळलेले नाही.

जबलपुरात राहणाऱ्या माणसाला 'बिल ऑफ मटेरियल' हा शब्द शिकवावा लागत नाही. १९५६पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतातले हे शहर; इथल्या कितीतरी मराठी घरांत गन कॅरेज फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी किंवा रेल्वे यांपैकी एकाची पगारचिठ्ठी पिढ्यान् पिढ्या आलेली आहे. १९०४मध्ये स्थापन झालेल्या या गन कॅरेज फॅक्टरीत 'धनुष' तोफ घडली. १५५ मिलिमीटर व्यासाची, ४५ कॅलिबर लांबीची ही तोफ बोफोर्सच्या तंत्रज्ञान-हस्तांतरणातल्या कागदपत्रांवरून उभी राहिली आणि ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा लष्कराच्या स्वाधीन झाल्या. पण त्याआधी, जुलै २०१७मध्ये, केंद्रीय अन्वेषण विभागाने एक गुन्हा नोंदवला होता. तोफेला लागणारी वायर रेस रोलर बेअरिंग जर्मन बनावटीची म्हणून पुरवली गेली, प्रत्यक्षात ती चिनी होती, असा आरोप त्यात होता. खऱ्याखोट्याचा निवाडा न्यायालयाचा. तो इथे करण्याचे कारण नाही. मला त्या प्रकरणातली रचना महत्त्वाची वाटते. यादीत बेअरिंगची नोंद होती, नावही बरोबर होते, आणि तरीही प्रश्न उरला तो उगमाचा: जे नाव लिहिले आहे, तीच वस्तू आत बसली आहे काय?

संगणकाच्या आज्ञावलीला हा प्रश्न दररोज, आणि एका बांधणीत शेकडो वेळा, विचारावा लागतो.

कोणतीही आजची प्रणाली मुळापासून एका हाताने लिहिलेली नसते. हवामानाचे प्रतिमान घ्या किंवा दुर्बिणीतून आलेल्या संकेतांचे पृथक्करण घ्या. त्यातली आव्यूहांची गणिते एका ग्रंथालयातून येतात, फाइल वाचण्याची सोय दुसऱ्यातून, संकोचन तिसऱ्यातून. या बाहेरच्या संचांना पॅकेज म्हणतात, आणि आपले काम त्यांच्यावाचून अडते, ही गोष्ट बांधणी करणाऱ्या प्रणालीला सांगण्याच्या कृतीला अवलंबित्वाची घोषणा म्हणावे लागेल. बोलण्यात आपण सारे डिपेंडन्सीच म्हणतो. घोषणा दिसायला क्षुल्लक असते. एका मजकुरी फाइलीत चार ओळी, प्रत्येकीत एक नाव आणि एक अंक. या चार ओळी सहसा शेवटच्या दिवशी, कंटाळून, आधीच्या प्रकल्पातून उचलून लिहिल्या जातात. लेखाच्या संदर्भसूचीत स्वल्पविराम चुकला तर मार्गदर्शक वही परत करतात. इथे मात्र कोणी पाहत नाही.

आणि न पाहण्याचे फळ लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. समजा, माझी आज्ञावली 'क' हे पॅकेज वापरते आणि 'क'ला 'ख' लागते. मी माझ्या लिखाणात 'ख'मधलेही एक फलन सरळ बोलावले, पण घोषणेत केवळ 'क' लिहिले. बांधणी यशस्वी होते, कारण 'क'बरोबर 'ख' आलेच होते. वर्षभराने 'क'च्या कर्त्याने 'ख' सोडून दुसरे काही स्वीकारले, आणि माझे काम मोडले. दोष मात्र मी 'क'च्या माथी मारतो. वस्तुतः मी शेजाऱ्याच्या नळाचे पाणी भरत होतो आणि त्याला आपले कनेक्शन समजत होतो. गूगलने २०१५मध्ये खुल्या केलेल्या 'बेझल' या बांधणीप्रणालीने जावाच्या बाबतीत यावर कठोर नियमच घातला: जे सरळ वापरता ते सरळ घोषित करा, अन्यथा बांधणी थांबेल. 'सीमेक'मध्ये तर प्रत्येक अवलंबित्व खासगी आहे की सार्वजनिक हेही सांगता येते. घटक केवळ माझ्या पोटात वापरला जात असेल तर खासगी. माझ्या शीर्षफाइलींतून तो माझ्या वापरकर्त्यालाही दिसत असेल तर सार्वजनिक. हा भेद अनेकांना किचकट वाटतो आणि ते सगळेच सार्वजनिक करून टाकतात. अशाने यादी भरते, पण अर्थहीन होते.

घोषणा खरी आहे की नाही हे कळण्याचा मला ठाऊक असलेला एकच भरवशाचा उपाय आहे, आणि तो जुना आहे. डेबियन या लिनक्स-वितरणात प्रत्येक पॅकेजच्या नियंत्रणफाइलीत बांधणीसाठी काय लागते आणि चालण्यासाठी काय लागते, ही दोन वेगवेगळी कलमे असतात. चालण्याच्या कलमातला मोठा भाग एक साधन स्वतःच तयार झालेली फाइल तपासून भरते. बांधणीचे कलम मात्र माणसाने लिहायचे. मग ते पॅकेज एका रिकाम्या कोठडीत बांधले जाते, जिथे संकलकासारखी मूलभूत साधने आणि घोषित केलेले घटक यांखेरीज काहीही नसते. घोषणेत एक नाव जरी राहिले तरी तिथे बांधणी कोसळते. "माझ्या संगणकावर तर चालते" हे वाक्य त्या कोठडीत ऐकूच येत नाही. आपल्या सी-डॅकची 'बॉस' ही कार्यप्रणाली डेबियनवरच उभी आहे, तेव्हा ही शिस्त परकीही म्हणता येत नाही.

आता विज्ञानाकडे. २०१४मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये, रेणूंच्या चुंबकीय अनुस्पंदनाचे अनुमान काढण्याच्या पद्धतीबरोबर, पायथनमधल्या काही छोट्या आज्ञावल्या प्रसिद्ध झाल्या. २०१९मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना असे आढळले की तीच आज्ञावली, तीच माहिती, पण संगणकाची कार्यप्रणाली बदलली की उत्तर बदलते. शोध घेता कारण निघाले ते हसू येण्याजोगे. आज्ञावली एका निर्देशिकेतल्या फाइलींची यादी मागत होती आणि ती ठरावीक क्रमानेच मिळेल असे गृहीत धरून जोड्या लावत होती. पायथनचे ते फलन क्रमाची हमी देतच नाही. क्रम कार्यप्रणाली आणि फाइलव्यवस्था ठरवते. ज्या यंत्रांवर योगायोगाने क्रम जुळला तिथे उत्तर बरोबर, इतरत्र चूक. 'ही आज्ञावली फाइलींच्या वर्णक्रमावर अवलंबून आहे' अशी घोषणा कोणी केली नव्हती, कारण ते अवलंबित्व आहे हेच कोणाच्या ध्यानी आले नव्हते. उपाय एका शब्दाचा होता: यादी आधी क्रमाने लावून घेणे. रासायनिक संरचनेचे अनुमान अशा आकड्यांवर उभे असते, म्हणून इथे चुकीचे उत्तर म्हणजे कदाचित चुकीचा रेणू.

जरा विषयांतर करतो. १८२८मध्ये विल्यम स्लीमन यांना याच जबलपुरात काही अश्मीभूत हाडे सापडली. आशियातल्या डायनोसॉरच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. त्यांवरून १८७७मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले, आणि पुढे तो मूळ नमुनाच हरवला. २०१२मध्ये कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, तो पुन्हा ओळखू आला. ओळख पटू शकली, कारण जुनी वर्णने आणि चित्रे शाबूत होती; नमुना हातात असूनही नोंदीवाचून तो दगडच असतो. पुराजीवशास्त्रज्ञाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. संगणकावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला मात्र अजून सांगावे लागते.

पायथनचाच विषय निघाला आहे तर आणखी एक. संशोधनाबरोबर दिलेल्या बहुतेक घोषणाफाइली मला दोन टोकांच्या दिसतात. एक तर त्यांत नुसती नावे असतात, आवृत्ती नाही. किंवा लेखकाच्या यंत्रावर त्या दिवशी जे जे बसवलेले होते त्या सगळ्यांची, शेवटच्या अंकापर्यंत, आंधळी नक्कल असते. दुसऱ्या प्रकारात आज्ञावलीशी संबंध नसलेले वहीचे साधन आणि आलेखाचे रंगही येतात. खरे पाहता या दोन भिन्न नोंदी आहेत आणि दोन्ही लागतात. घोषणा म्हणजे माझी गरज: अमुक पॅकेज, अमुक आवृत्तीपासून पुढे, कारण त्याआधी अमुक सोय नव्हती. कुलूपफाइल म्हणजे त्या दिवसाचे वास्तव: नेमकी कोणती आवृत्ती वापरली आणि तिचा अंकीय ठसा काय. पहिली माणसाने विचार करून लिहायची, दुसरी यंत्राने. गरजेच्या जागी वास्तव लिहिले की आज्ञावली दोन वर्षांत कुठेच बसेनाशी होते. वास्तवाच्या जागी नुसती गरज लिहिली की प्रयोग पुन्हा करता येत नाही.

वरच्या मर्यादेविषयी माझे मत जरा आग्रही आहे. 'या आवृत्तीच्या पुढे नको' असे लिहिण्यास प्रत्यक्ष कारण हवे. भीतीपोटी घातलेली वरची मर्यादा दुसऱ्या पॅकेजच्या खालच्या मर्यादेशी भिडते, आणि मधल्यामध्ये वापरकर्ता अडकतो. आवृत्तीच्या तीन अंकांतला पहिला बदलला म्हणजे सुसंगतता तुटली, हा संकेत उपयुक्त आहे. पण तो लेखकाने दिलेला शब्द आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे.

पायथनच्या जगाला घोषणेचे महत्त्व कळायला किती काळ लागला याचे एक मासलेवाईक उदाहरण आहे. पूर्वी एखादे पॅकेज बांधायला काय लागते हे जाणण्यासाठी त्याची 'सेटअप' फाइल चालवावी लागे. आणि ती फाइल स्वतःच कित्येकदा 'नम्पाय' आधीपासून असल्याचे गृहीत धरी. म्हणजे काय लागते हे समजण्यासाठी जे लागते ते आधीच असायला हवे. २०१६च्या एका प्रस्तावाने ही गाठ सुटली: बांधणीच्या गरजा एका निश्चल, न चालवता वाचता येणाऱ्या फाइलीत लिहायच्या. घोषणा ही वाचण्याची वस्तू असावी, चालवण्याची नव्हे, एवढीच ती गोष्ट.

आता त्या बेअरिंगच्या प्रश्नाकडे परत. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जगाला कळवले की 'एक्सझेड' या संकोचनाच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, चोरदरवाजा आहे. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून तो तिथवर पोहोचला. चोरदरवाज्याचे लक्ष्य होते 'ओपनएसएसएच', आणि गंमत अशी की ओपनएसएसएच एक्सझेड वापरतच नाही. काही वितरणांनी त्यात 'सिस्टमडी'ला सूचना देण्यासाठी एक ठिगळ लावले होते. त्यासाठी सिस्टमडीचे ग्रंथालय जोडले गेले. आणि त्या ग्रंथालयाला संकोचनासाठी एक्सझेडचे ग्रंथालय लागत होते. अर्ध्या ओळीच्या सूचनेसाठी सबंध साखळी आत आली. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. दरवाजा उघडणारा बांधणीचा तुकडा सार्वजनिक भांडारात नव्हता. तो केवळ प्रकाशित केलेल्या संचिकेत होता. नाव तेच, आवृत्ती तीच, पण लोक जे वाचत होते ते निराळे आणि वितरणे जे बांधत होती ते निराळे. ज्याने हे केले त्याने दोन वर्षांहून अधिक काळ सज्जन मदतनीस म्हणून वावरून, एकट्याने ओझे वाहणाऱ्या मूळ कर्त्याचा विश्वास मिळवला होता.

याच सुमाराची एक तांत्रिक घडामोड फारशी चर्चिली गेली नाही. सिस्टमडीने असे घटक आरंभीच न जोडता गरज पडेल तेव्हा उघडायचे ठरवले. साखळी आखूड झाली. पण त्याबरोबर ते अवलंबित्व तयार फाइलीच्या घोषित यादीतूनही नाहीसे झाले, आणि डेबियनचे जे साधन ती यादी वाचून चालण्याचे कलम भरते त्याला ते दिसेना. म्हणून अशा उशिरा उघडल्या जाणाऱ्या घटकांची नोंद फाइलीतच करण्याचा एक नवा संकेत तयार करावा लागला. सुरक्षिततेसाठी लपलेली गोष्ट प्रामाणिकपणासाठी पुन्हा लिहावी लागली! घोषणेची शिस्त म्हणजे काय, हे मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

यावरून सर्ट-इनच्या यादीविषयीचे माझे भय सांगतो. यादी सक्तीची झाली की ती पुरवणारी साधने येतील. तयार प्रणाली तपासून, अंदाज बांधून, कागद काढून देतील. डिसेंबर २०२१मध्ये 'लॉग४जे'मधली त्रुटी उघड झाली तेव्हा आपल्याकडे ते आहे की नाही हेच असंख्य संस्थांना ठरवता येत नव्हते. त्या दृष्टीने अंदाजी यादीही काहीच नसण्यापेक्षा बरी. पण बांधणी झाल्यावर बाहेरून डकवलेली यादी आणि बांधणीतूनच निघालेली यादी यांत, बेअरिंगवर छापलेल्या देशाच्या नावात आणि त्याच्या मोजमापात जे अंतर आहे, तेच आहे. पहिल्या मार्गाने गेलो तर एक नवा दाखला तयार होईल आणि दाखल्यांचा तुटवडा या देशात कधीच नव्हता.

काही जण म्हणतील, हा भार तुम्ही कोणावर टाकता? पीएच.डी.चा विद्यार्थी आज्ञावली लिहितो ती उत्तर मिळवण्यासाठी. त्याला पॅकेजशास्त्र शिकवू नका. आक्षेप खरा आहे, आणि फुकट काम करणाऱ्या कर्त्यांच्या बाबतीत तर अधिकच खरा. त्यांच्याकडून यादी, हमी आणि तातडी मागण्याचा अधिकार मोठ्या कंपन्यांना कोणी दिला, हा प्रश्न एक्सझेडनंतर विचारलाच गेला पाहिजे. मात्र विद्यार्थ्याच्या बाबतीत मी हा आक्षेप मान्य करीत नाही. ज्या रसायनाची बाटली त्याने वापरली तिची शुद्धता आणि पुरवठादार तो न कुरकुरता लिहितो. आज्ञावलीची बाटली वेगळी का?

शिवाय साधने आहेत. महासंगणकांच्या जगात 'स्पॅक' हे लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेले व्यवस्थापक रुळले आहे. त्यात घटक बांधणीसाठी हवा, जोडणीसाठी की चालवण्यासाठी, हे वेगळे लिहिता येते. त्याहून सुंदर सोय म्हणजे तिथे नाममुद्रेऐवजी गरज घोषित करता येते. 'मला एमपीआय हवे' एवढे म्हणायचे. ते एमपीआयसीएचने पुरवायचे की ओपन एमपीआयने, हे त्या यंत्रावर ठरते आणि जे ठरले ते नोंदले जाते. आव्यूहगणिताचेही तसेच. ही नोंद केवळ शिष्टाचाराची नव्हे: दशांश संख्यांची बेरीज संगणकात कोणत्या क्रमाने केली यावर शेवटचे अंक बदलतात, दोन ग्रंथालये क्रम निराळा घेतात, आणि हवामानासारख्या संवेदनशील प्रतिमानात शेवटचा अंक शेवटचा राहत नाही. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५मध्ये ४५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाले. सप्टेंबर २०२४मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथले 'परम रुद्र' राष्ट्राला अर्पण झाले. या यंत्रांवर निघणाऱ्या प्रत्येक निष्कर्षाबरोबर त्या कामाची कुलूपफाइलही जतन व्हावी, अशी अट घालायला नवे यंत्र विकत घ्यावे लागणार नाही.

मागणी म्हणाल तर माफक आहे. २०२३च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने, ज्या प्रकल्पाच्या फलितांत आज्ञावली आहे तिथे, अंतिम अहवाल स्वीकारण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. घोषित घटक आधी उतरवून घ्यायचे, मग जाळे बंद करायचे, आणि रिकाम्या यंत्रावर, दुसऱ्या संस्थेतल्या माणसाने, केवळ घोषणेच्या आधारे ती बांधायची. बांधली गेली तर उत्तम. नाही तर काय राहिले ते लिहून अहवाल परत करायचा. आणि जबलपूरच्या ट्रिपल आयटीचे, म्हणजे २००५मध्ये स्थापन झालेल्या ज्या संस्थेच्या नावातच माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन आणि उत्पादन एकत्र आहेत तिचे, विद्यार्थी या चाचणीचे पहिले परीक्षक होण्यास मला सर्वांत योग्य वाटतात. गन कॅरेज फॅक्टरी त्यांच्याच शहरात आहे. सुटा भाग यादीशी कसा ताडून पाहतात, हे दाखवू शकणारी निवृत्त माणसे त्यांच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर बसलेली असतात.